आयबीएम आयवरील डॉमिनो सर्व्हरचे प्रशासन

आयबीएम आयवरील डॉमिनो ही डॉमिनो या समूहकार्य सर्व्हरची एएस/४०० व त्यापुढील आयबीएमच्या मध्यम श्रेणीच्या व्यावसायिक संगणकांवर चालणारी आवृत्ती आहे. ई-मेल, दिनदर्शिका, सामायिक कागदपत्रे आणि मंजुरीची साखळी असलेले कार्यालयीन अर्ज या सर्वांचा साठा डॉमिनोमध्ये एकाच प्रकारच्या डेटाबेस फायलींत ठेवला जातो. वापरकर्ता त्या फायली नोट्स या प्रोग्रॅममधून किंवा ब्राउझरमधून उघडतो. हा संगणक वर्षानुवर्षे न थांबता चालण्याबद्दल प्रसिद्ध आहे. प्रशासकाची अडचणही बऱ्याचदा त्यातूनच उद्भवते: यंत्र बिघडत नसल्याने बॅकअप तपासला जात नाही, किल्ल्यांच्या फायली कोठे आहेत हे एखाद्याच व्यक्तीला ठाऊक असते, आणि नियंत्रित रीतीने सर्व्हर बंद करण्याची पद्धत कोठेही लिहून ठेवलेली नसते.

== पार्श्वभूमी ==

एएस/४०० हा संगणक आयबीएमने जून १९८८ मध्ये जाहीर केला. त्याची रचना अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत झाली. पुढे त्याचे नाव आयसीरीज (इ.स. २०००) आणि सिस्टिम आय (इ.स. २००६) असे बदलत गेले. इ.स. २००८ पासून त्याच्या संचालन प्रणालीला ‘आयबीएम आय’ म्हणतात व ती पॉवर मालिकेच्या संगणकांवर चालते. जुने प्रशासक मात्र आजही त्याला ‘एएस फोर हंड्रेड’ म्हणूनच ओळखतात.

नोट्स हे सॉफ्टवेअर रे ओझी यांच्या आयरिस असोसिएट्सने लोटस कंपनीसाठी घडवले. त्याची पहिली आवृत्ती इ.स. १९८९ मध्ये आली. आयबीएमने इ.स. १९९५ मध्ये लोटस विकत घेतली आणि पुढल्याच वर्षी सर्व्हरच्या भागाला डॉमिनो हे नाव मिळाले. एएस/४०० वर थेट चालणारा डॉमिनो इ.स. १९९८ मध्ये उपलब्ध झाला. त्यापूर्वी नोट्सचा सर्व्हर या यंत्रात बसवलेल्या स्वतंत्र पीसी-सर्व्हर कार्डावर चालवावा लागे. इ.स. १९९९ मध्ये आयबीएमने केवळ डॉमिनोसाठीचे खास मॉडेलही विक्रीस आणले. त्यावर इतर कामाला मर्यादित क्षमताच मिळत असे.

भारतात या यंत्राचा प्रवेश उशिरा झाला, कारण विदेशी चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी अमान्य करून आयबीएमने इ.स. १९७८ मध्ये देश सोडला होता. टाटा समूहाबरोबरच्या संयुक्त कंपनीच्या रूपाने ती इ.स. १९९२ मध्ये परतली. जुलै २०१९ पासून नोट्स व डॉमिनोची मालकी एचसीएल या भारतीय कंपनीकडे आहे.

== रचना ==

आयबीएम आयवर प्रत्येक डॉमिनो सर्व्हर स्वतःच्या उपप्रणालीत म्हणजे सबसिस्टिममध्ये चालतो. एकाच यंत्रावर असे अनेक सर्व्हर एकमेकांपासून अलग ठेवता येतात. एक मेलसाठी, एक अर्जांसाठी व एक चाचणीसाठी, अशी विभागणी रूढ आहे. टपाल पुढे पाठवणारा राउटर, प्रती जुळवणारा रेप्लिकेटर, निर्देशांक अद्ययावत करणारा अपडेट, स्वयंचलित कामे करणारा एजंट मॅनेजर ही सर्व कार्ये त्या उपप्रणालीत स्वतंत्र जॉब म्हणून दिसतात. ‘वर्क विथ डॉमिनो सर्व्हर्स’ या आज्ञेने उघडणाऱ्या पडद्यावरून सर्व्हर सुरू वा बंद करणे, त्याचा कन्सोल पाहणे आणि नोट्स डॉट आयएनआय ही मांडणीची फाईल संपादित करणे शक्य असते.

सर्व डेटाबेस फायलींची मालकी ‘क्यूनोट्स’ या वापरकर्ता-प्रोफाईलकडे असावी लागते. नवख्या प्रशासकाच्या पहिल्या चुका बहुधा याच ठिकाणी होतात. एखादी फाईल नेटवर्क ड्राइव्हवरून किंवा एफटीपीने डेटा डिरेक्टरीत टाकली की तिची मालकी टाकणाऱ्याकडे राहते आणि सर्व्हर ‘अधिकार नाही’ असे सांगून ती उघडण्यास नकार देतो. फाईल डोळ्यांसमोर असते, आकारही बरोबर असतो, त्यामुळे बराच वेळ डेटाबेसच्या प्रवेशयादीत दोष शोधण्यात जातो. फाईलची मालकी बदलून क्यूनोट्सकडे दिली की प्रश्न सुटतो. एफटीपी करताना बायनरी पद्धत निवडलेली नसल्यास मात्र फाईलच नासते, कारण ही प्रणाली आस्की नव्हे तर एबसिडिक ही वर्णसंहिता वापरते व पाठवताना प्रत्येक बाइट ‘अनुवादित’ होतो. अशी फाईल दुरुस्त करण्यात वेळ न घालवता पुन्हा पाठवणे सोयीचे.

दुसरी नेहमीची अडचण पोर्टची आहे. आयबीएम आयमध्ये स्वतःचे मेल, वेब व डिरेक्टरी सर्व्हर असतात आणि ते यंत्राच्या सर्व आयपी पत्त्यांवर कान देऊन बसतात. डॉमिनोच्या आधी ते सुरू झाले तर पोर्ट २५, ८० किंवा ३८९ आधीच व्यापलेले असते, आणि मग डॉमिनोचा सर्व्हर वरवर चालू दिसतो पण बाहेरची मेल येत नाही. यंत्र पुन्हा सुरू केल्यानंतरच्या सकाळी ‘काल तर चालत होते’ अशी तक्रार आली की प्रथम हेच पाहावे लागते. नेटवर्कच्या स्थितीच्या पडद्यावर कोणते पोर्ट कोणत्या जॉबने घेतले आहे ते कळते. प्रत्येक डॉमिनो सर्व्हरला वेगळा आयपी पत्ता देऊन त्याला त्याच पत्त्याशी बांधणे आणि नको असलेल्या सेवांचा आपोआप सुरू होण्याचा गुणधर्म काढून टाकणे हा यावरचा कायमचा उपाय होय.

== वीजपुरवठा आणि नियंत्रित समाप्ती ==

मध्यम श्रेणीचे संगणक मोठ्या प्रमाणावर कारखानदारीत वापरले गेले. उत्पादन-नियोजन, साठा व हिशेब यांची मोठी सॉफ्टवेअरे त्यांवर चालत आणि त्यांच्या शेजारी डॉमिनो बसवणे स्वाभाविक होते. कारखाना एका गावी व मुख्य कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात, अशी महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींची सर्वसाधारण रचना आहे. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडील मुकुंदवाडी व तिला लागून असलेली चिकलठाणा औद्योगिक वसाहत हे अशा परिसराचे परिचित उदाहरण होय. जोडणी तुटली तरी काम चालू राहावे आणि ती परत आल्यावर दोन्हीकडच्या प्रती आपोआप जुळाव्यात, ही डॉमिनोची मूळ कल्पना अशा ठिकाणी विशेष उपयोगी ठरते.

जोडणीपेक्षा वीज हा अधिक गंभीर विषय आहे. इ.स. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन अनुभवले. आजही वादळवाऱ्याच्या दिवसांत वा दुरुस्तीच्या वारी वीज जाते. डॉमिनोची कोणतीही डेटाबेस फाईल नीट बंद न होता यंत्र थांबले, तर पुन्हा सुरू होताना त्या फाईलची सुसंगती तपासावी लागते. व्यवहार-नोंदवही म्हणजे ट्रान्झॅक्शन लॉग चालू नसेल तर हे काम ‘फिक्सअप’ प्रत्येक फाईल वाचून करतो आणि मोठ्या मेल-फायलींच्या सर्व्हरवर त्याला कित्येक तास लागू शकतात. नोंदवही चालू असेल तर अपुरे राहिलेले व्यवहार तीवरून पूर्ण केले जातात किंवा मागे घेतले जातात, आणि सर्व्हर थोड्या वेळात उभा राहतो. ही सोय इ.स. १९९९ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे. तरीही ती बंद ठेवलेले सर्व्हर आढळतात. बहुतेकदा नोंदवहीसाठी वेगळी जागा राखावी लागते एवढेच त्याचे कारण असते.

यूपीएस बसवलेला असणे पुरेसे नाही. यूपीएसमधून यंत्राला वीज मिळते, पण वीज गेल्याचा संकेत देणारी वेगळी तार जोडलेली नसेल तर प्रणालीला ते कळतच नाही आणि बॅटरी संपेपर्यंत ती निवांत चालत राहते. तार जोडलेली असल्यास वीज जाताच एक संदेश व परत येताच दुसरा संदेश ठरलेल्या संदेशरांगेत येतो. दोन प्रणाली-मूल्ये यासंबंधी आहेत: संदेश कोणत्या रांगेत जावा हे ठरवणारे, आणि किती वेळ वाट पाहून यंत्राने स्वतः बंद व्हावे हे ठरवणारे. मूळ मांडणीत वेळ संपताच प्रणाली स्वतःला सुरक्षितपणे बंद करते, पण डॉमिनोला आधी थांबवण्याचे भान तिला नसते.

म्हणून एक छोटा नियंत्रण-प्रोग्रॅम लिहिण्याची प्रथा आहे. संदेश येताच तो काही मिनिटे थांबतो, कारण बहुतेक खंड तेवढ्यातच संपतात. वीज न आल्यास तो वापरकर्त्यांना सूचना धाडतो, ‘एंड डॉमिनो सर्व्हर’ ही आज्ञा नियंत्रित पर्यायासह देतो, उपप्रणाली रिकामी होण्याची वाट पाहतो आणि मगच यंत्र बंद करण्याची आज्ञा देतो. वेळेचा हिशेब उलट दिशेने करावा लागतो. यूपीएस वीस मिनिटे टिकत असेल, डॉमिनो बंद होण्यास सात व यंत्रास पाच मिनिटे लागत असतील, तर वाट पाहण्यासाठी जेमतेम आठ मिनिटे उरतात, आणि बॅटरी जुनी झाली की तीही उरत नाहीत. संदेशरांग बदलून स्वतःचा प्रोग्रॅम नेमला असेल, तर तो प्रोग्रॅम सतत चालू असणे बंधनकारक असते. तो चालू नसताना वीज गेली तर प्रणाली वाट न पाहता लगेच बंद होऊ लागते.

एरवी हाताने सर्व्हर बंद करतानाही ‘तत्काळ’ हा पर्याय शेवटचा मानला जातो. सर्व्हर अडकल्यासारखा वाटल्यास त्याच्या जॉबचा कॉल स्टॅक आधी पाहून नोंदवून ठेवावा लागतो, कारण जॉब संपवल्यावर कारण शोधण्याचे एकमेव साधन जाते. उपप्रणालीत एखादा जॉब मागे राहिला असताना सर्व्हर पुन्हा सुरू केल्यास तो अपयशी ठरतो किंवा, अधिक वाईट म्हणजे, अर्धवट सुरू होतो.

== बॅकअप ==

रात्री टेपवर ‘सेव्ह’ आज्ञा चालते व सकाळी ‘काम पूर्ण’ असा संदेश दिसतो, एवढ्यावर समाधान मानणे हा या यंत्रांच्या प्रशासनातील सर्वांत महाग भ्रम आहे. डॉमिनो चालू असताना साधी ‘सेव्ह’ आज्ञा वापरात असलेल्या फायली वगळून पुढे जाते. डिरेक्टरी आणि मेल-पेटीसारख्या नेमक्या महत्त्वाच्या फायली कायम वापरात असतात. कोणत्या वस्तू जतन झाल्या नाहीत याची यादी जॉब लॉगमध्ये असते, परंतु तो कोणी वाचत नाही.

पर्याय दोन आहेत. सर्व्हर पूर्ण बंद करून फायली टेपवर घेणे हा साधा व विश्वासार्ह मार्ग. रविवारी कारखाना बंद असतो तेथे तो अजूनही चालतो. दुसरा मार्ग बीआरएमएस या आयबीएमच्या बॅकअप-उत्पादनाचा. त्यात सर्व्हर चालू असतानाच सुसंगत प्रत घेता येते. केवळ बदललेला भाग जतन करायचा असल्यास व्यवहार-नोंदवही ‘संग्रहण’ पद्धतीची ठेवावी लागते. चक्राकार पद्धतीत जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जात असल्याने ती या कामी येत नाही.

डॉमिनोच्या ८.५ या आवृत्तीपासून जोडपत्रे डेटाबेसबाहेर ठेवण्याची ‘डाओस’ ही सोय आली. एकच जोडपत्र पन्नास जणांना पाठवले तर त्याची एकच प्रत डिस्कवर राहते. जागा पुष्कळ वाचते, पण बॅकअपचे गणित बदलते. प्रथम डेटाबेस फायली व नंतर जोडपत्रांचा साठा, हा क्रम पाळावा लागतो, म्हणजे डेटाबेसमध्ये उल्लेख असलेले प्रत्येक जोडपत्र साठ्याच्या प्रतीत निश्चित सापडते. कोणीही संदर्भ न देणारे जोडपत्र मूळ मांडणीनुसार ३० दिवसांनी डिस्कवरून काढून टाकले जाते. ४५ दिवसांपूर्वीच्या टेपवरून एखादी मेल-फाईल परत आणली, तर तिच्यातील काही जोडपत्रे डिस्कवर नसण्याची शक्यता असते. गहाळ जोडपत्रांची यादी काढण्याची आज्ञा उपलब्ध आहे आणि ती टेपवरून वेगळी आणता येतात. हा कालावधी बॅकअपच्या आवर्तनापेक्षा मोठा ठेवणे इष्ट.

त्याहून धोक्याची गोष्ट अशी की ही जोडपत्रे मूळ मांडणीत सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध असतात. सर्व्हरची आयडी फाईल हरवली तर टेपवर सुखरूप असलेला सगळा साठा निरुपयोगी होतो. म्हणूनच पुनःस्थापनेची तालीम वेगळ्या यंत्रावर किंवा निदान वेगळ्या सर्व्हरवर करण्यास महत्त्व आहे. त्याच यंत्रावर एक फाईल परत आणून पाहिल्याने ही उणीव उघडकीस येत नाही.

== नियमित देखभाल ==

‘अपडॉल’ निर्देशांक नीट करतो, ‘कॉम्पॅक्ट’ रिकामी जागा परत मिळवतो आणि ‘फिक्सअप’ बिघडलेली कागदपत्रे दुरुस्त करतो किंवा काढून टाकतो. नोंदवही चालू असलेल्या डेटाबेसवर फिक्सअप रोज चालवण्याचे कारण नसते. नवव्या आवृत्तीपासून ‘डीबीएमटी’ हे साधन यातील बरीच कामे एकत्रित करते. कॉम्पॅक्टचा नवी प्रत बनवणारा प्रकार चालवताना मूळ फाईलएवढी मोकळी जागा लागते. डिस्क भरत आली म्हणून तो चालवायला घेतला आणि त्यानेच डिस्क भरली, असा प्रसंग या क्षेत्रात नवा नाही. आयबीएम आयमध्ये सर्व डिस्क मिळून एकच साठा मानला जातो. त्यामुळे मेल-फायलींनी जागा संपवली तर शेजारचा हिशेबाचा प्रोग्रॅमही थांबतो. इशाऱ्याची मूळ मर्यादा ९० टक्के आहे, पण अनेक जण ती खाली आणतात.

स्मृतीच्या बाबतीत डॉमिनोच्या जॉबना स्वतंत्र पूल देणे लाभदायक ठरते. सामायिक पूलमध्ये रात्रीचा एखादा मोठा अहवाल सुरू झाला की मेल मंदावते व दोष डॉमिनोवर येतो. राउटरवर ताण असल्यास एकाऐवजी दोन मेल-पेट्या ठेवल्याने रांग लक्षणीय कमी होते.

== देवनागरी मजकूर ==

डॉमिनो मजकूर स्वतःच्या एलएमबीसीएस या बहुबाइट संहितेत साठवतो. देवनागरी अक्षरे तीत युनिकोडच्या गटामार्फत सामावतात, त्यामुळे नोट्समध्ये लिहिलेली मराठी नोट्समध्ये शाबूत राहते. अडचण सुरू होते ती मजकूर यंत्राच्या डीबी२ डेटाबेसमध्ये पाठवताना. तेथे प्रत्येक स्तंभाला वर्णसंचाचा क्रमांक असतो. क्रमांक ३७ हा अमेरिकी इंग्रजीचा एबसिडिक संच होय. त्या स्तंभात मराठी नाव लिहिले तर प्रत्येक अक्षराच्या जागी एकच पर्यायी चिन्ह बसते व मूळ मजकूर कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. देवनागरीसाठी ११३७ हा एबसिडिक संच आहे, परंतु नव्या कामासाठी युनिकोडचे १२०८ किंवा १२०० हे क्रमांक निवडणे श्रेयस्कर. प्रणालीचे मूळ मूल्य ६५५३५ असते. त्याचा अर्थ ‘रूपांतर करू नका’ असा होतो आणि अनेक गोंधळांचे मूळ तेच असते.

स्तंभाची लांबीही तपासावी लागते. ‘मुकुंदवाडी’ या शब्दात युनिकोडचे दहा घटक आहेत. क्रमांक १२०० मध्ये त्यांना २० बाइट लागतात, तर १२०८ मध्ये ३०. इंग्रजी गावनावांसाठी आखलेल्या २० बाइटांच्या स्तंभात १२०८ ने हा शब्द बसवला तर ‘मुकुंद’ एवढेच शिल्लक राहते आणि पुढे ‘व’ या अक्षराचा तुटका अवशेष उरतो.

युनिकोडपूर्व काळात श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर हा वेगळाच वारसा आहे. त्यात प्रत्यक्षात लॅटिन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात व फॉन्टमुळे ते देवनागरी दिसतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ते पत्र निरर्थक चिन्हांचे होते, आणि मराठी शब्दाने शोध घेतल्यास ते सापडत नाही. असे जुने डेटाबेस हलवण्यापूर्वी कोणता फॉन्ट कोणत्या रकान्यात वापरला होता याची नोंद करून रूपांतर करावे लागते.

== किल्ल्या व अधिकार ==

नोट्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याची ओळख एका आयडी फाईलमध्ये असते. त्या सर्व फायलींवर संस्थेच्या प्रमाणक आयडीची मोहोर असते. वापरकर्त्याची आयडी फाईल किंवा तिचा पासवर्ड गेल्यास त्याने कूटबद्ध केलेली पत्रे प्रशासकालाही वाचता येत नाहीत. प्रमाणक आयडी गेल्यास नवीन कर्मचाऱ्याची नोंदणी, नावातील बदल व मुदत संपलेल्या प्रमाणपत्रांचे नूतनीकरण सर्वच अडते. ‘आयडी व्हॉल्ट’ ही ८.५ आवृत्तीतील सोय वापरकर्त्यांच्या फायलींच्या प्रती सुरक्षित ठेवते. जेथे ती बसवलेली नाही तेथे जुनी पुनर्प्राप्तीची व्यवस्था निदान चालू असावी लागते.

लहान शहरांतील कारखान्यांत संगणक विभाग एक-दोन माणसांचाच असतो. प्रमाणक आयडी त्यातील एकाच्या लॅपटॉपवर आणि पासवर्ड त्याच्या स्मरणात, ही स्थिती तो नोकरी सोडेपर्यंत कोणाला खटकत नाही. प्रमाणक आयडीला एकाहून अधिक पासवर्ड लावण्याची, म्हणजे दोन व्यक्ती एकत्र आल्याशिवाय ती उघडू न देण्याची, व्यवस्था नोट्समध्ये फार पूर्वीपासून आहे. तीन जणांना पासवर्ड देऊन त्यांपैकी कोणतेही दोन पुरेसे ठेवले की एकाच्या जाण्याने काम अडत नाही. आयडीची एक प्रत यंत्राबाहेर, तिजोरीत ठेवली जाते.

कूटलेखनाची जुनी मर्यादाही येथे नोंदवण्यासारखी आहे. अमेरिकेच्या निर्यातनियमांमुळे इ.स. १९९६ च्या सुमारास नोट्सच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत ६४ बिटांच्या किल्लीतील २४ बिट अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला उघडता येतील अशी रचना होती. इ.स. २००० मध्ये ते नियम शिथिल झाले. त्या काळात तयार झालेल्या आयडी फायलींतील किल्ल्या लहान असल्याने त्या बदलून घेण्याची शिफारस केली जाते.

== स्थलांतर ==

अनेक संस्थांनी मेल इतर सेवांकडे नेली असली तरी मंजुरीचे अर्ज, गुणवत्ता-नोंदी व जुना पत्रव्यवहार डॉमिनोतच राहिलेला दिसतो. अशा वेळी सर्व्हर केवळ वाचण्यापुरता चालू ठेवला जातो व त्याच्याकडे दुर्लक्ष होते. स्थलांतरापूर्वी कूटबद्ध पत्रे मालकाच्या आयडीने उघडून साध्या रूपात जतन करावी लागतात. हे काम तो कर्मचारी सेवेत असतानाच होऊ शकते. डॉमिनोच्या बाहेर नेलेल्या पत्रांत मूळ स्वाक्षरीची पडताळणी करता येत नाही, त्यामुळे लेखापरीक्षणासाठी लागणाऱ्या कागदपत्रांचे मूळ डेटाबेस, सर्व्हरची आयडी फाईल आणि ती उघडणारा पासवर्ड कायद्याने ठरवलेली मुदत संपेपर्यंत एकत्र राखले जातात.